मासा मेला तर घाबरू नका

हिंगोलीत कुणाचा पाच फुटी फिश टँक नकोसा झाला की तो भारत पाईकरावकडे यायचा. आणि नकोसा होतोच. घेताना माणूस हौसेनं घेतो, रंगीत दिवे लावतो, आल्यागेल्याला दाखवतो. चार महिन्यांत काचेवर शेवाळ चढतं, पाणी बदलायचं काम घरातल्या बाईच्या गळ्यात पडतं, आणि एक दिवस ती कमरेवर हात ठेवून सांगते की आता या घरात एक तर हा राहील नाहीतर मी. साहेबलोकांचं आणखी निराळं. बदली झाली की त्यांचं कपाट जातं, फ्रीज जातो, कुंड्यासुद्धा जातात. पण सहा फुटांची काच ट्रकात चढवायची म्हटलं की साहेबांना घाम फुटतो. मग भारतला फोन लागायचा.

भारत मूळचा काच कापणारा. सोळाव्या वर्षी फोटोफ्रेमच्या दुकानात लागला, तिथंच हिरकणीनं, म्हणजे हिऱ्याच्या टोकानं, काच कापायला शिकला आणि पुढं बसस्टँडमागं स्वतःचं दुकान काढलं. उजव्या अंगठ्यावर जुन्या कापांच्या इतक्या रेघा, की आधारच्या मशीनला त्याचा ठसा पहिल्या खेपेला कधी उमटला नाही.

लहान टँकला तो हात लावत नसे. चार फुटांच्या खालचा टँक म्हणजे बरणी, असं त्याचं म्हणणं. मोठा टँक आणायचा म्हणजे चार हमाल, एक छोटा हत्ती टेम्पो आणि खाली दोन जुन्या गाद्या. काठाला धरून उचलायचा नाही, बुडाखाली हात घालायचा. हे तो दर वेळी नव्यानं सांगायचा आणि हमाल दर वेळी नव्यानं वैतागायचे. आणलेल्या टँकचं जुनं सिलिकॉन तो ब्लेडनं मुळापासून खरवडून काढी, काच मिठानं घासून धुवी, साबणाचा थेंब लागू देत नसे. मग नवं सिलिकॉन भरायचं, आठवडाभर सुकवायचं, आणि शेवटी काठोकाठ पाणी भरून टँक तीन दिवस तसाच ठेवायचा. खाली वर्तमानपत्रं अंथरलेली. त्यातलं एक अक्षर जरी ओलं दिसलं तरी टँक पुन्हा सगळा उकलायचा. साडेपाचशे लिटर पाणी लोकांच्या बैठकीत सोडायचं असेल तर मग मी कशाला हवा, असं तो म्हणायचा. त्याच्या हातून गेलेला टँक गळला, असं जिल्ह्यात कुणी सांगितलं नसतं.

तरी सुरुवातीच्या दिवसांत लोक टँक परत आणायचे. टँक गळायचा नाही, मासे मरायचे. मरणारच. नळाचं ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी भरायचं, त्यात त्याच दिवशी वीस मासे सोडायचे, आणि घरातल्या प्रत्येकानं येताजाता मूठमूठ दाणा टाकायचा. मग मासा जगेल कसा? भारत समजावून समजावून थकायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, हा टँकच अशुभ आहे, कुणाच्या तरी घरातला आहे, काय माहीत त्या घरात काय झालं होतं. वापरलेल्या वस्तूवर हा आळ ठरलेलाच. एकदा बदलीवर निघालेल्या एका साहेबांच्या पत्नीनं टँक देता देता त्याला सांगितलं, की मासा मेला तर वाईट वाटून घेऊ नये, घरावर येणारं तो स्वतःवर घेऊन जातो. भारतनं ते ऐकून ठेवलं आणि त्याच आठवड्यात एका तक्रारखोर गिऱ्हाइकाला ऐकवून पाहिलं. गिऱ्हाइकाचा चेहरा असा खुलला, की भारतच बघत राहिला.

तेव्हापासून पंधरा वर्षं प्रत्येक मोठ्या टँकबरोबर तो हे वाक्य देत आला. "मासा मेला तर घाबरू नका. घरावरचं काही होतं, ते त्यानं नेलं." टँक परत येणं बंद झालं. भांडायला येणारी माणसं आता कौतुकानं सांगू लागली, की काळा मासा गेला आणि दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांचा ताप उतरला. भारत मान डोलवायचा आणि पिशवीत नवा मासा बांधून द्यायचा. त्याला यात पाप वाटलं नाही. कापडवाला म्हणतो रंग जाणार नाही, तसंच हे, असं त्याला वाटायचं.

आता हे बोलणारा माणूस कुठल्या घरातला, तेही सांगायला हवं. भारतच्या बापानं घरातले देव गाठोड्यात बांधून कयाधू नदीत सोडले होते आणि भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली होती. दाराला लिंबू-मिरची नाही, हाताला दोरा नाही, पोरीच्या गळ्यात ताईत नाही. भारतची बायको सत्यशीला तर त्याहून कडक. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की ही तिथं जाऊन त्या बाईला तांब्याभर पाणी पाजायची आणि म्हणायची, चल आता दवाखान्यात. पौर्णिमेला विहारात जायची. एकुलत्या एका पोरीला, दिपाला, तिनंच हट्टानं डी.एड.ला घातलं. दिपा आता नांदेडला शाळेत शिकवते, तिचा संसारही तिथंच आहे.

दुकान पुढं आणि घर मागं. भारत टँक बघायला बाहेर गेला की सत्यशीला दुकानात बसायची. गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून एक सहा फुटी टँक कायमचा भरलेला असे. त्यात ऑस्कर जातीचा एक काळा-तांबडा मासा होता. आणला तेव्हा बोटाएवढा, पुढं दीड वितीचा झाला. सात वर्षं तिनं त्याला सांभाळला. ती जवळ गेली की तो काचेला येऊन चिकटायचा, बाकी कुणाला भीक घालायचा नाही. त्या टँकशेजारच्या स्टुलावर बसून तिनं नवऱ्याचं ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल, याला गणती नाही. भारतला वाटायचं, ही धंद्याची बोली आहे हे तिला ठाऊकच असणार. तिला काय वाटायचं ते त्यानं कधी विचारलं नाही. बायकोला असलं काही वेगळं बसवून सांगावं लागतं, हे कुठल्या नवऱ्याच्या डोक्यात येतं?

मागच्या थंडीत एक दिवस भारत औंढ्याला गेला होता. देवळाजवळचं एक लॉज बंद होत होतं, त्यांचा टँक बघायचा होता. संध्याकाळी परत आला तेव्हा सत्यशीलानं चहा करून दिला. तिचं तोंड उतरलेलं दिसलं म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली, ऑस्कर गेला सकाळी. त्याला वाटलं, त्याचंच वाईट वाटतंय. दुसरा आणू, असं म्हणून तो हातपाय धुवायला गेला. सातच्या सुमाराला ती कणीक मळता मळता परातीवर कलंडली. ऑटोत घालून दहा मिनिटांत दवाखान्यात नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोठा झटका होता, सकाळपासून दुखत असणार, बोलल्या नाहीत का काही?

नव्हती बोलली. का, ते कुणालाच कळेना. भारत गावाला गेला होता, पण फोन त्याच्या खिशात होता. दवाखाना दहा मिनिटांवर. आणि बाई अशी, की दुसऱ्याला साधी थंडी वाजली तरी मनगटाला धरून डॉक्टरपुढं उभी करणारी.

दिपा आली ती याच एका गोष्टीला धरून रडली. दुपारी दोन वाजता तिला आईचा फोन आला होता. ती वर्गात होती. मधल्या सुट्टीत करू म्हणून तिनं तो उचलला नाही, आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी कामाला लावलं आणि ते राहूनच गेलं. आईला तेव्हा मला सांगायचं होतं, मी उचलला असता तर आई आज असती, असं ती म्हणाली, आणि कुणी कितीही समजावलं तरी ते तिच्या मनातून निघेना.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. भारतची बहीण शिला शेजारच्याच घरात राहते. ती भांडी आवरून, पदराला हात पुसत भावाजवळ येऊन बसली. त्याला चार शब्द धीराचे सांगावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

"दादा, वैनी भ्याल्या न्हवत्या बरं," ती म्हणाली. "दुपारी मी गेले तं पाठ धरून बसल्या व्हत्या. मी म्हणलं, चला दवाखान्यात. तं म्हणल्या, काहून? मासा गेला न सकाळीच, माझ्यावरचं घेऊन गेला. दिपालाबी तेच सांगायला फोन लावला व्हता त्यायनं. मी म्हणलं, असं असतंय का कुठं? तं म्हणल्या, तुझा दादा एवढ्या लोकायला सांगतो, तो काय लोकायला फसवतो का?"

शिला उठून गेली. भावाचं मन आपण हलकं केलं, असं तिला वाटलं असणार. भारत जिथं बसला होता तिथंच बसून राहिला. बापानं जे गाठोड्यात बांधून नदीत सोडलं, ते त्यानं स्वतःच्या जिभेनं घरात परत आणलं होतं. सत्यशीला गावातल्या एकाही बाबाच्या नादी लागली नाही, एकाही मांत्रिकाला तिनं दारात उभं केलं नाही. तिचा विश्वास होता तो एकट्या भारतवर, आणि त्याच विश्वासानं तिला दुखत असताना घरात बसवून ठेवलं. हे कळल्यावर माणसानं रडावं तरी कुणापुढं? भारत रडला नाही. त्यानं शिलाला गाठून एवढंच बजावलं, की हे दिपाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.

कारण साधं होतं. आता त्याला उरली होती ती दिपाच. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, जेवलात का बाबा, औषध घेतलं का. आणि बोलता बोलता ती त्या दुपारच्या फोनवर यायची, मी उचलायला पाहिजे होता, म्हणायची. असं म्हणू नको बाई, एवढंच भारतच्या तोंडून निघायचं. खरं सांगितलं असतं तर पोरीच्या मनावरचा दगड त्याच क्षणी उतरला असता, आणि पोर त्याच्यापासून कायमची तुटली असती. रोज तो ठरवायचा, उद्या सांगू. रोज फोन ठेवल्यावर स्वतःची शरम वाटायची.

मग त्यानं दुसरंच काहीतरी आरंभलं. आजवर ज्यांना मोठे टँक विकले त्यांच्या घरी जायचं आणि आपलं वाक्य परत घ्यायचं. वहीत लिहिलेलं काही नव्हतं, पण मोठा टँक तो कधी विसरत नसे. कुठल्या घरी कुठल्या मापाचा, कुठल्या भिंतीला, सगळं डोक्यात. दुपारी दुकानाचं शटर खाली ओढायचं, मोटारसायकल काढायची, दार वाजवायचं आणि उभ्या उभ्याच सांगायचं, मासा मेला की घरावरचं घेऊन जातो असं मी म्हणालो होतो, ते खरं नाही. मासा पाण्यानं मरतो नाहीतर जास्त खाण्यानं. कुणाला काही दुखलं-खुपलं तर माशाकडे बघू नका, दवाखान्यात जा.

लोकांनी त्याचं काय करावं? कळमनुरीच्या कापड दुकानदारानं हसून त्याला चहा पाजला. एका मुख्याध्यापकांनी सांगितलं, अहो भारतराव, ते आम्हाला तेव्हाच माहीत होतं, पण ऐकायला बरं वाटतं. एका बाईनं तोंडावर दार लावलं. तिचा मासा गेला आणि मुलाचं ऑपरेशन नीट झालं, हे तिला कुणी हिरावून घ्यायला नको होतं. बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलंय, असं बाजारात लोक बोलू लागले. धंद्याचीही वाट लागली. नव्या गिऱ्हाइकाला तो आधीच सांगून मोकळा व्हायचा, की यातले अर्धे मासे महिनाभरात मरतील आणि त्याचा अर्थ काहीही नाही. कोण घेणार मग? दुकानामागं धुऊनपुसून ठेवलेले टँक एकाला एक लागून उभे राहिले. सत्यशीलाबद्दल मात्र तो कुठल्याच घरी बोलला नाही. सदतीस घरं झाली, पण एकाही घरात त्यानं हे सांगितलं नाही की आपण हे का सांगत फिरतोय.

वैशाखात पुसेगावहून ज्ञानबाचा फोन आला. ज्ञानबा आणि कौशल्याबाई हे मेंढरं-शेरडं राखणारं घर. पोरगा शिवप्रसाद पुण्याला कंपनीत लागला, त्यानं गावात स्लॅबचं घर बांधलं आणि तीन वर्षांपूर्वी वास्तूच्या दिवशी हौसेनं भारतकडून पाच फुटी टँक नेला. टँकखालचं टेबल सरळ आहे का हे बघायला तो भारतबरोबर जमिनीवर आडवा झोपला होता. फोनवर ज्ञानबा म्हणाला, ते काचेचं घेऊन जा भाऊ, फुकट न्या, पण न्या. भारतनं कारण विचारलं. पोरगं गेलं आमचं, एवढं बोलून म्हाताऱ्यानं फोन ठेवला.

रविवारी सकाळी भारत एकटाच मोटारसायकलवर गेला. टँक आधी बघून यायचा आणि मग गाडी न्यायची, ही त्याची पद्धत. बैठकीत टँकवर घोंगडी टाकलेली होती. ज्ञानबा दाराशी बसला होता, कौशल्याबाई भिंतीला टेकून. पाणी दिलं. भारतनं उठून घोंगडीचं टोक उचललं. पाणी आरशासारखं स्वच्छ. बाराच्या बारा मासे, ज्यानं त्यानं अंग धरलेलं, एकाचाही पर फाटलेला नाही. पंधरा वर्षांत असा टँक त्यानं पाहिला नव्हता. आपण कशाला आलो तेही क्षणभर विसरून तो म्हणाला, "मावशी, बारापैकी बारा? अख्ख्या जिल्ह्यात असं कुनाला जमलं न्हाई."

"तेच तं झालं," कौशल्याबाई म्हणाली.

मग ती सांगू लागली, कुणाकडे न बघता. जनावराचं पाणी एकदम बदलू नये हे तिला मेंढरांवरून माहीत होतं, म्हणून माशांचंही ती कधी एकदम बदलत नसे. हौदातलं पाणी दोन दिवस उन्हात ठेवायची आणि तांब्या तांब्यानं घालायची. चिमटीपेक्षा जास्त दाणा कुणाला टाकू द्यायची नाही. बाराव्या माशाच्या डोळ्यावर पांढरं आलं, तसं तिनं आजारी मेंढी कळपातून वेगळी बांधावी तसा तो घमेल्यात वेगळा काढला, मिठाचं पाणी केलं आणि जगवला. त्यानंतर आठ दिवसांनी पुण्याच्या रस्त्यावर शिवप्रसादच्या गाडीला ट्रकनं उडवलं.

"तुमीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मासा जातो तवा घरावरचं घेऊन जातो. लेकराला माती देऊन आले आन् पयले हे मोजले मी. बाराच्या बारा. माझ्या घरावर येऊन राहिलं व्हतं अन् मी एकबी मासा जाऊ दिला न्हाई. तो एक चालला व्हता माझ्या लेकरापायी, त्यालाबी मीच अडवला. त्या दिवसापासून यायच्यावर घोंगडी टाकली. पर दावणीचं जनावर हाय, उपाशी कसं ठेवू? रोज टोक उचलते, दाणा टाकते. मंग दिवसभर मला अन्न जात न्हाई."

सदतीस घरांत सांगून घोटून पाठ झालेलं भाषण भारतनं बाजूला ठेवलं. तो तिच्यासमोर खाली बसला.

"मावशी, ते खोटं व्हतं. मी माल खपवायला बोललो. मासा काहीच नेत न्हाई."

"तुमाला कोनं सांगितलं?"

"कोनं न्हाई. मला पयल्यापासून म्हाईत व्हतं."

कौशल्याबाईनं प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. ती आता शिव्या देईल, अंगावर येईल, असं भारतला वाटलं, आणि तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण तसं झालं नाही.

"मंग माझ्या हातात न्हवतं?" तिनं विचारलं.

"न्हवतं, मावशी. तुमी मासा वाचवला अन् ट्रकवाल्यानं गाडी उडवली. याचा त्याला काही संबंध न्हाई."

तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. आधी हळू, मग तिला आवरेना. ज्ञानबा दाराशी उभा राहिला आणि कुणाला तरी सांगावं तसं म्हणाला, की दहा महिन्यांत ही पहिल्यांदा रडतेय, मातीच्या दिवशीसुद्धा हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मग तोही कोपऱ्यातल्या भिंतीकडे तोंड करून बसला. भारतला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

रडणं ओसरल्यावर कौशल्याबाईनं डोळे पुसले आणि विचारलं, एवढ्या वर्षांनी हे आज काहून सांगून राहिले तुमी? आणि जे भारतनं सदतीस घरांत सांगितलं नव्हतं ते त्यानं या घरात सांगितलं. ऑस्कर, औंढा, पाठीतलं दुखणं, शिलाचं बोलणं, सगळं. सत्यशीलानं त्याला खोटं बोलणारा माणूस मानलं नाही म्हणून ती गेली, हे त्यानं मोठ्यानं, स्वतःच्या कानांनी पहिल्यांदा ऐकलं.

"लेकरंबाळं?" तिनं विचारलं.

"एक पोरगी हाय. नांदेडला."

"तिला म्हाईत हाय हे?"

"न्हाई. तिला वाटते, तिनं आईचा फोन उचलला न्हाई म्हणून आई गेली."

कौशल्याबाई सावरून बसली. तिचा आवाज चढला नाही, पण भारतनं मान खाली घातली.

"दहा महिने मी काय खाल्लं ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमी पोटच्या पोरीला तेच खाऊ घालून राहिले? लावा फोन. जा, भाईर जाऊन लावा."

भारत अंगणात आला. ऊन डोक्यावर आलं होतं. शाळेला सुट्टी, त्यात रविवार. दिपानं दुसऱ्या रिंगलाच फोन उचलला आणि बाबा, आज दिवसा कसा केलात, बरे आहात ना, असं घाबरून विचारलं. त्यानं तिला बसायला सांगितलं. मग म्हणाला, आईनं तुला दुखतंय म्हणून फोन केला नव्हता. मासा मेला, आता काळजी नाही, हे सांगायला केला होता. तू उचलला असतास तरी तिनं हेच सांगितलं असतं. हे तिच्या डोक्यात मी घातलं होतं, दिपा, दुकानात बसून, लोकांना माल विकताना. तिला वाटलं, मी खरं बोलतोय.

भारतला वाटलं, फोन कट झाला. त्यानं हॅलो म्हटलं.

"तुम्हाला कधी कळलं हे?" दिपानं विचारलं.

"कार्यक्रमाच्या दिवशी. शिलानं सांगितलं."

"आत्या म्हणत होती, तुम्ही रोज गिऱ्हाइकांच्या घरी जाता म्हणून. मला वाटलं, मन रमवायला जात असाल. हे सांगायला जात होतात?"

"व्हय."

"किती घरं झाली, बाबा?"

"हे अडतिसावं."

दिपानं अगदी हळू विचारलं, "मग मी कितवी?"

भारतला आजवर गिऱ्हाइकाच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं. आताही दोन-तीन उत्तरं त्याच्या ओठांवर आली, आणि तिन्ही खोटी होती.

"शेवटची," तो म्हणाला.

दिपानं फोन ठेवला नाही. तिचं रडणं तेवढं येत राहिलं, आणि भारत फोन कानाला लावून ज्ञानबाच्या अंगणात उन्हात उभा राहिला.